सातचा भोंगा

“तुम्ही कोठे शिकता?” असे कोणी विचारले, तर तुम्ही चटकन आपल्या शाळेचे नाव सांगाल. या उत्तरात चूक काही नाही. परंतु ते पुरेसे आहे काय, याचा थोडा हिशेब करून पाहू. दिवसाचे तास २४. त्यांतले सहा आपण शाळेत असतो. नऊ तास झोपेत जातात. उरले नऊ. म्हणजे शाळेच्या दीडपट वेळ आपण जागेपणी शाळेबाहेर काढतो. त्यात रविवार, सणवार, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी मिळवली, तर शाळेबाहेरचे पारडे आणखीच जड होते. एवढ्या वेळात आपण काहीच शिकत नाही, असे कोण म्हणेल? बोलणे आपण शाळेत शिकलो नाही. पोहावे कसे, पाहुण्यांशी वागावे कसे, बाजारात फसू नये म्हणून काय करावे, हे बहुतेक सारे आपल्याला घराने आणि गावानेच शिकविलेले असते.

मग शाळेचा अभ्यास तेवढा घराच्या उंबऱ्याबाहेर का राहावा? “अभ्यास ही मुलांची आणि गुरुजींची गोष्ट, आम्हांला त्यातले काय कळते?” असे पुष्कळ आईबाप म्हणतात, आणि मुलेही मनातून तसेच समजतात. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे. शाळा कितीही चांगली असो, घराने आणि गावाने हात लावल्यावाचून शिक्षणाचा गाडा चढ चढत नाही. आणि असा हात लावण्यासाठी माणूस स्वतः शिकलेलाच असला पाहिजे, असे मुळीच नाही. हे माझे म्हणणे मी काही उदाहरणे घेऊन तुमच्यापुढे मांडणार आहे. ते तुम्ही तपासून पाहावे.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे ३ हजारांची. २०२२ सालच्या १५ ऑगस्टला या गावाने एक नवा प्रघात सुरू केला. रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजे. तो वाजला, की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद करावयाचे व मुलांनी पुस्तके उघडावयाची. साडेआठ वाजता भोंगा पुन्हा वाजे. मग ज्याला जे पाहावयाचे असेल ते त्याने खुशाल पाहावे.

हे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या, तेव्हा शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाईल आले. पुढे साथ ओसरली, शाळा उघडल्या; परंतु हातातले मोबाईल काही सुटले नाहीत. मुले शाळेतून आली की मोबाईल घेऊन बसत आणि वडील माणसे दूरचित्रवाणीसमोर. एका घरात राहूनही कोणी कोणाशी बोलत नसे. गावच्या कारभाऱ्यांना याची काळजी वाटू लागली. त्यांनी प्रथम गावातील स्त्रियांना एकत्र करून विचारले, तेव्हा आपणही मालिका पाहण्यात फार वेळ घालवतो, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. काहींना प्रारंभी ही कल्पना हसण्यावारी नेण्याजोगी वाटली. परंतु अखेर गावाचे एकमत झाले. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून लोकांना आठवण देऊ लागले. म्हणता म्हणता या भोंग्याची वार्ता देशभर पोहोचली.

या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता? भोंगा नव्हे. महत्त्वाचे हे, की नियम केवळ मुलांसाठी केलेला नव्हता. तो आजोबांसाठी होता, आईसाठी होता, सरपंचांसाठीही होता. “तू अभ्यास कर” असे सांगून स्वतः पडद्यासमोर बसणे सोपे असते. गावाने ते केले नाही. मुलाने पुस्तक उघडावे म्हणून घराने आपली करमणूक दीड तास बाजूला ठेवली. मुलाच्या शिकण्याची अशी किंमत आईबापांनी मोजली, म्हणजे ती गोष्ट मोलाची आहे, हे मुलाला न सांगता कळते.

परंतु येथेच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भोंगा शांतता देतो. सोबत देत नाही. संच बंद झाला आणि मूल एका कोपऱ्यात व आई दुसऱ्या कोपऱ्यात गप्प बसून राहिली, तर दीड तास शांततेत जाईल, एवढेच. त्या शांततेत कोणी मुलाजवळ येऊन बसले, “आज काय वाचतोस?” म्हणून विचारले, तरच त्या वेळाचे सोने होईल. ही जवळ येऊन बसण्याची रीत मात्र आजची नाही. त्याच कडेगाव तालुक्यातील दोन जुन्या गोष्टी तिची साक्ष देतील.

त्या तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. रमाबाई रानडे यांचा जन्म याच गावचा. १८७३ साली त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला, तेव्हा त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. मुलींना शिकविण्याची चाल त्या काळी नव्हती. रानड्यांनी त्यांना स्वतः अक्षरओळख करून दिली. पण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. रमाबाईंना रोज टोमणे ऐकावे लागत. दिवसभर घरकाम करावे, बोलणी निमूटपणे सोसावी आणि रात्री पुन्हा पाटी घ्यावी, असे त्यांचे दिवस गेले. पुढे याच रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनाच्या द्वारे अनेक स्त्रियांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. आणि १९१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक मराठीत आजही आदराने वाचले जाते. एकाच घरात एक माणूस शिकण्याला हात देतो आणि दुसरी माणसे हात आडवा घालतात, असा तो प्रसंग होता. घराची शक्ती किती मोठी असते, आणि ती दोन्ही बाजूंनी कशी चालते, हे यावरून दिसून येते.

रमाबाईंचे शिक्षक विद्वान होते, त्यामुळे “आमच्या घरी असा विद्वान कोण आहे?” असे तुमच्यापैकी कोणी म्हणू शकेल. म्हणून त्याच देवराष्ट्र्यातील दुसरी गोष्ट सांगतो. १२ मार्च १९१३ रोजी तेथे, आपल्या आजोळी, यशवंतराव चव्हाण जन्मले. ते लहान असतानाच त्यांचे वडील वारले. आई विठाबाई यांच्यावर सारा संसार येऊन पडला. विठाबाईंना अक्षर ठाऊक नव्हते. जात्यावरच्या ओव्या मात्र त्यांना पाठ होत्या, आणि मुलांनी शिकले पाहिजे, हा निश्चय त्यांच्या मनात पक्का होता. घरात हलाखी असूनही मुलाची शाळा त्यांनी सुटू दिली नाही. हाच मुलगा १९६० साली महाराष्ट्र राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला. वृद्धपणी ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र लिहिताना यशवंतरावांनी आपल्या आईचे ऋण मोठ्या कृतज्ञतेने सांगितले आहे. विठाबाईंनी मुलाला गणित शिकविले नसेल, इतिहासही शिकविला नसेल. परंतु ज्या घरात शिक्षणाविषयी असा आदर असतो, त्या घरातील मुलाचे अर्धे काम तेथेच झालेले असते.

मोठ्यांच्या गोष्टी बाजूला ठेवून मी आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला थोडी लाज वाटते, तरीही सांगतो.

माझे बालपण कृष्णाकाठच्या एका लहान गावात गेले. माझी आई निरक्षर होती. दिवेलागणीनंतर ती सुपात जोंधळे घेऊन निवडीत बसे, आणि मी तिच्याजवळ बसून मोठ्याने धडा वाचावा, असा तिचा दंडक होता. मनातल्या मनात वाचलेले तिला चालत नसे. एके दिवशी मला खेळावयास जाण्याची घाई होती. धडा एका म्हातारीचा होता. मी मधल्या सात-आठ ओळी गाळल्या आणि पुढे वाचू लागलो. आईचे हात सुपातच थांबले. ती म्हणाली, “इथं कायतरी गळालं, बघ. आत्ता ती म्हातारी नदीच्या अलीकडं हुती. पलीकडं कवा गेली?”

मी चकित झालो. तिला अक्षर कळत नव्हते. पण अर्थ कळत होता. किंबहुना, अक्षर माझ्याजवळ होते आणि अर्थाकडे लक्ष मात्र तिचे होते! त्या दिवसापासून मी ओळी गाळण्याचे सोडले. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आले, की वाचताना “येथे काहीतरी गळले” असे ओळखणे हेच शिक्षणातले अवघड काम आहे, आणि ते मी सुपात दाणे निवडणाऱ्या आईकडून शिकलो होतो.

पण मी तेव्हा एवढा शहाणा नव्हतो. पाचवीत असताना प्रगतिपुस्तकावर पालकाची सही आणावयाची होती. वडील कामासाठी परगावी होते. आई अंगठा उमटवील आणि तो पाहून वर्गातील मुले हसतील, या भीतीने मी ते प्रगतिपुस्तक तिला दाखविलेच नाही. शेजारच्या शिकलेल्या काकांकडे गेलो आणि त्यांची झोकदार सही घेऊन आलो. दोन दिवसांनी काकांच्या बोलण्यातून ही गोष्ट आईला कळली. ती रागावली नाही. सूप खाली ठेवून ती एवढेच म्हणाली, “मागितला आसतास तर दिला आसता की आंगठा.”

हे वाक्य मी आजही विसरलो नाही. रोज रात्री माझा धडा ऐकणारी खरी पालक ती होती, आणि सही मी भलत्याचीच आणली होती. तुमच्यापैकी कोणाची आई किंवा आजी निरक्षर असेल, कोणाचे वडील अडखळत वाचत असतील, कोणाच्या घरी शाळेतील भाषा बोलत नसतील. त्यांना शाळेपासून लपवू नका. आपल्या शिक्षणात त्यांचाही वाटा आहे, हे आपणच त्यांना सांगितले पाहिजे. पुष्कळदा ते दूर उभे असतात, याचे कारण त्यांना आस्था नसते असे नाही. आपण त्यांना आत बोलावलेले नसते.

घराप्रमाणे गावाचेही असेच आहे. कराडजवळील काले या गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्यास त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. एकदा वसतिगृहात धान्याची चणचण पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, इतकेच काय पण मंगळसूत्रही, मुलांच्या पोटासाठी दिले. ती मुले त्यांच्या पोटची नव्हती; पण ती उपाशी राहून शिकणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. आज खेड्यापाड्यांत पसरलेल्या त्या संस्थेच्या मुळाशी लोकांनी दिलेली जागा, लोकांनी दिलेले धान्य आणि लोकांनी केलेले श्रम आहेत. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह किती समर्पक आहे! वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि पुन्हा झाडालाच आधार देतात.

आणि जेथे मुले शाळेपर्यंत येऊच शकत नाहीत, तेथे काय करावे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याचे उत्तर शोधून काढले. १९४५ साली बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना गुरे सोडून येता येत नव्हते, तेव्हा शिक्षक कुरणात गेले; ती कुरणशाळा. गुरे चरत आहेत, मुले त्यांच्यावर नजर ठेवून आहेत आणि तेथेच शिक्षणही चालले आहे, असे ते दृश्य होते. मुलाचे घर, त्याचे काम आणि त्याचा परिसर या गोष्टी शिक्षणातल्या अडचणी नसून त्या शिक्षणाचे साहित्यच आहेत, ही त्यांची दृष्टी होती.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपे लागली, तेव्हा या दृष्टीची खरी कसोटी लागली. मोबाईलवरून वर्ग भरू लागले. ज्यांच्याकडे साधने होती, त्यांचे शिक्षण कसेबसे चालले. परंतु कितीतरी घरांत मोबाईल एकच होता आणि शिकणारी भावंडे तीन होती. कोठे तो एकुलता एक मोबाईल घेऊन वडील सकाळीच कामावर जात. कोठे मोबाईल होता, तर संपर्कासाठी डोंगराच्या माथ्यावर चढून बसावे लागे. पोहरा हाती आला; पण दोर अपुरा पडला, अशी ती अवस्था होती.

त्या दिवसांत ज्यांनी वाट काढली, त्यांनी ती घराच्या आणि वस्तीच्या बळावर काढली. सोलापूरच्या नीलमनगर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत एका शाळेच्या शिक्षकांनी दोनशेहून अधिक घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. कोणाच्या भिंतीवर मुळाक्षरे, कोणाच्या भिंतीवर गणिताची सूत्रे, तर कोणाच्या भिंतीवर व्याकरण. मुले गल्लीतून हिंडता हिंडता शिकू लागली. विचार करा, यासाठी घरमालकांनी आपल्या भिंती दिल्या होत्या. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ नावाची मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या अभ्यासक्रमावरील या मालिकेत फळ्यासमोर उभे राहून शिकवणारे शिक्षक नव्हते. मुले आपल्या घरी आणि परिसरात, घरच्या माणसांबरोबर गोष्टी करून पाहत शिकत होती. यंत्राचा याहून चांगला उपयोग कोणता? पडद्यावरील माणसे जणू घरच्यांना सांगत होती, “हे तुम्हीही करू शकाल.”

यावरून मोबाईलविषयी माझे मत तुमच्या ध्यानात आले असेल. मोबाईल वाईट आहे, असे मी म्हणत नाही. तुमच्या पाठ्यपुस्तकातील चौकोनी ठिपक्यांची खूण मोबाईलने टिपली, की त्या धड्याशी संबंधित साहित्य क्षणात पुढे येते. जगातील उत्तम ग्रंथालये, चित्रे आणि नकाशे आज खेड्यातील मुलालाही पाहावयास मिळू शकतात. माझ्या लहानपणी यातले काहीच नव्हते. त्याचा मला हेवाही वाटतो.

तरीही यंत्राला एक गोष्ट जमत नाही. ते आपल्या तोंडाकडे आईसारखे पाहत नाही. आता प्रश्न विचारताच उत्तर देणारी यंत्रेही निघाली आहेत. ती उत्तर देतील. पण ते उत्तर तुम्ही समजून घेतले की नुसते वहीत उतरवून ठेवले, याची काळजी कोण करील? आपल्याला एखादी गोष्ट समजली आहे की नाही, हे ओळखण्याचा एक अगदी जुना उपाय आहे. ती गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगावी. सांगता सांगता आपण अडखळलो, की तेथेच काहीतरी गळले आहे, असे समजावे. पावसाचे पाणी ढगात कसे जाते, हे आजीला समजावून सांगण्याचा प्रयत्न करून पाहा. आजी एखादा असा प्रश्न विचारील, की तुम्हांला पुन्हा पुस्तकाकडे धाव घ्यावी लागेल. तेव्हा पडदा एकट्याने पाहण्याऐवजी तो घरातल्या माणसांच्या मध्ये ठेवा. एकाच्या हातातले यंत्र त्याला इतरांपासून तोडते. तेच चौघांच्या मध्ये ठेवले, तर चौघांना बोलावयास विषय मिळतो.

या देवघेवीत मुलेही शिक्षक होऊ शकतात. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. पोथी आपल्याला स्वतः वाचता आली असती तर किती बरे झाले असते, अशी तेथील वृद्ध स्त्रियांची इच्छा होती. त्यांच्यासाठी ८ मार्च २०१६ रोजी गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत बसू लागल्या. लहानपणी ज्यांच्या वाट्याला पाटी आली नाही, त्यांनी उतारवयात आपले नाव लिहिले. आणि घरी आल्यावर त्यांचा अभ्यास कोण घेई? त्यांची नातवंडे! घरात अशा वेळी कोण मोठे आणि कोण लहान? ज्याला जे येते ते त्याने द्यावे, येत नाही ते घ्यावे, एवढाच हा व्यवहार आहे.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की दिवसभर मजुरी करून, ऊस तोडून, कारखान्यात उभे राहून दमलेल्या माणसांनी मुलांचा अभ्यास केव्हा घ्यावा? हा आक्षेप खरा आहे, आणि अशा आईबापांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणूनच नुसते घर पुरत नाही, गाव लागते. ज्या मुलाचे आईबाप रात्री उशिरा परततात, त्याच्यासाठी शेजारच्या ओट्यावरचा दिवा असावा, निवृत्त गुरुजींचा एक तास असावा, कॉलेजात जाणाऱ्या ताईची किंवा दादाची संगत असावी. मोहित्यांच्या वडगावचा भोंगा एका घराने वाजविला असता, तर ती कटकट ठरली असती. गावाने वाजविला म्हणून ती रीत झाली.

दुसरा आक्षेप असा, की घरानेच शिकवावयाचे तर शाळेने काय करावयाचे? शाळेने आपले काम घरावर ढकलावे, असे मी मुळीच म्हणत नाही. शिकविणे ही शिक्षकाची विद्या आहे आणि ती त्यानेच चालविली पाहिजे. चांगले शिक्षक आणि चांगली शाळा मिळणे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. घर कितीही प्रेमळ असले, तरी त्यामुळे तो हक्क कमी होत नाही. शेतकरी बी पेरतो, म्हणून पावसाची गरज संपत नाही; आणि पाऊस चांगला पडतो, म्हणून पेरणी टाळता येत नाही. शाळा आणि घर यांचे नाते हे असे आहे.

आता शेवटचे आणि तुमच्यासाठी. तुमच्या गावात भोंगा असेल किंवा नसेल. तो वाजण्याची वाट पाहू नका. आज सायंकाळी अर्धा तास घरातल्या एखाद्या माणसाजवळ जाऊन बसा. ते भाकरी थापत असोत, विडी वळत असोत की नुसते विसावलेले असोत. त्यांना म्हणा, “मी धडा वाचतो, तुम्ही ऐका, आणि कोठे काही गळले तर मला सांगा.” प्रथम ते संकोचतील. “आम्हांला काय कळतंय त्यातलं?” असेही म्हणतील. तुम्ही वाचीत राहा. चार दिवसांनी ते स्वतःहून विचारतील, “मग पुढे काय झाले?”

त्या प्रश्नाबरोबर तुमचे घर तुमच्या शाळेत आले, असे समजा. आणि वर्षाखेरीस प्रगतिपुस्तक हाती येईल, तेव्हा ते घेऊन प्रथम त्या माणसाकडे जा. सही असो की अंगठा. तो मान त्यांचा आहे.